फोटो किती मोठा छापता येतो? कापडाच्या हिशेबाने समजून घ्या

भंडारा जिल्ह्यात आंधळगाव, मोहाडी, पवनी या भागात हातमागावर होणारी करवतकाठी कोसा साडी तिच्या काठावरून ओळखली जाते. करवतीच्या दात्यांसारखी ती नक्षी हीच कारागिराची मेहनत आणि मालाची खरी किंमत. आज बाहेरगावचे गिऱ्हाईक माल हातात घेण्याआधी पत्रक पाहते, फोटो पाहते. तेथे दाते बोथट दिसले तर अस्सल माल आणि यंत्रमागावरची नक्कल सारखीच वाटते. म्हणून छपाईचा हा साधा हिशेब आपण सर्व व्यापारी व कारागीर बंधूंनी समजून घेतला पाहिजे.

ठिपके म्हणजे धागे

मोबाईलचा फोटो बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो. त्यांना पिक्सेल म्हणतात. त्यांची संख्या ठरलेली असते. कापडाचे धागे तेवढेच ठेवून पन्हा वाढवला तर वीण विरळ होऊन जाळी पडते, तसेच फोटोचे होते. संगणकावर फोटो ओढून मोठा करता येतो, पण फोटोत न आलेला बारकावा त्यामुळे परत येत नाही.

हातात धरून पाहायच्या पत्रकाला एका इंचात ३०० ठिपके लागतात. भिंतीवरच्या पोस्टरला १५० चालतात. फोटोच्या लांबीतील ठिपक्यांना या आकड्याने भागले की छपाईची लांबी इंचात मिळते. रुंदीचेही तसेच.

१२ मेगापिक्सेलच्या फोटोत साधारण ४००० बाय ३००० ठिपके असतात. ३०० ने भागल्यास १३ बाय १० इंच, म्हणजे ए-४ कागद आरामात भरतो. १५० ने भागल्यास सुमारे २६ बाय २० इंचांचे पोस्टर होते. पण तोच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो साधारण १६०० बाय १२०० ठिपक्यांचा उरतो. मग पत्रकावर त्याची मजल ५ बाय ४ इंचांपर्यंतच. म्हणून छापखान्याला फोटो डॉक्युमेंट म्हणून किंवा पेनड्राइव्हवर द्यावा.

लांबी-रुंदीचे प्रमाण

दुसरी बाब आकाराची. मोबाईलचा फोटो बहुधा ४ ला ३ या प्रमाणात असतो. ६ बाय ४ इंचांच्या कार्डाचे प्रमाण ३ ला २ आहे. ते कार्ड पूर्ण भरायचे तर फोटोच्या उंचीचा नववा भाग कापला जातो. साडीचा काठ नेमका फोटोच्या कडेला असतो, त्यामुळे कात्री त्याच्यावरच चालते. फोटो न कापता जबरदस्तीने बसवला तर साडी ताणलेली दिसते आणि पितळेचा गोल लोटा लांबोडा होतो.

१० बाय ३ फुटांच्या फलकाला त्याच फोटोतील ४००० बाय १२०० ठिपक्यांचा पट्टाच उपयोगी पडतो. उंचीचे निम्म्याहून अधिक चित्र बाद होते. एका इंचाला ३३ ठिपके येतात. फलक दहा-बारा फुटांवरून पाहिला जात असेल तर तेवढे पुरतात. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोचे मात्र १३ च येतात आणि चित्रात चौकटी दिसू लागतात.

फोटो काढताना

१) फोटो कशासाठी आणि कोणत्या मापात छापायचा हे आधी ठरवावे. आडव्या फलकाला आडवा फोटो घ्यावा, उंच भांड्याला उभा.

२) चारही बाजूंनी थोडी मोकळी जागा सोडावी, म्हणजे कापताना माल वाचतो.

३) झूम न करता जवळ जाऊन फोटो काढावा.

४) काठाचा फोटो वेगळा घ्यावा. ४८ इंचांचा पूर्ण पन्हा ४००० ठिपक्यांत आला तर कापडाच्या एका इंचाला ८३ ठिपके मिळतात. फक्त ८ इंचांचा काठ घेतला तर ५०० मिळतात. मग दाते तर दिसतातच, धागाही दिसतो.

५) छपाईपूर्वी एक नमुना काढून घ्यावा आणि तो खऱ्या मालाशेजारी ठेवून पाहावा.

या हिशेबाला वेगळा खर्च लागत नाही, भागाकार तेवढा यावा लागतो. विणकराने दाता न् दाता जपून काठ विणला आहे. तो गिऱ्हाइकाच्या नजरेपर्यंत तसाच पोहोचवणे हे विकणाऱ्याचे काम आहे.