निकालाची घाई नसलेली मालिका

‘पाताल लोक’ ही हिंदी वेब मालिका १५ मे २०२० रोजी आली, तेव्हा टाळेबंदी होती आणि रमजानही. आमच्याकडे यवतमाळात ती यंदा प्रथमच पाहिली. तरावीहची नमाज आटोपल्यावर रोज एकच भाग.

अविनाश अरुण आणि प्रोसित रॉय हे तिचे दिग्दर्शक. यांतल्या अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ मराठी प्रेक्षकांना आठवत असेल. चार संशयित पहिल्याच भागात पकडले जातात. ते कोण, कुठून आले, हे कळायला मात्र उरलेले आठ भाग लागतात. हाथीराम चौधरी (जयदीप अहलावत) त्यासाठी चित्रकूट गाठतो, त्याचा तरुण सहकारी इम्रान अन्सारी पंजाबात जातो. यूपीएससीची तयारी करणारा हा अन्सारी ठाण्यातले टोमणे गिळून काम करतो. दरम्यान तपास सीबीआयकडे जातो आणि कबीर एम या संशयितावर दहशतवादाचा शिक्का बसतो. पुरावा मागे राहतो, गोष्ट पुढे धावते.

आपल्याकडे तरी वेगळे काय? सकाळी चोरी झाली की संध्याकाळपर्यंत टपरीवर आणि मोबाइलवर चोर ठरलेला असतो. बेभरवशाच्या माणसाने आणलेली बातमी आधी तपासा, नाहीतर नकळत कुणाचे नुकसान कराल आणि मागाहून पस्तावाल, अशी ताकीद कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये आहे.

रोजा सोडायला आपण सूर्यास्ताची वाट पाहतोच. एखाद्या माणसाविषयी मत ठरवताना तेवढी तरी वाट पाहायला काय हरकत आहे?