भिक्षुणीसंघाचे वर्ष

मोहगावच्या काळ्या वावरात आषाढाचा पाऊस मुरला, की त्यातून पायी चालणे किती अवघड होते, हे सौंसर-पांढुर्णा भागातील श्रोत्यांना निराळे सांगावयास नको. पावलागणिक चिखलाचा लोंदा पायाला चिकटतो, आणि नुकतेच वर आलेले कपाशीचे वा ज्वारीचे अंकुर तुडविले जाण्याचे भय असते. अशा दिवसांत शहाणा माणूस वाट सोडून घरी थांबतो. बौद्ध संघाचा वर्षक्रम याच साध्या शहाणपणावर उभा आहे. भिक्षूंच्या वर्षावासाविषयी आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. भिक्षुणींच्या वर्षाविषयी मात्र क्वचितच बोलले जाते. त्यांचे ऋतू, त्यांचे नियम व त्यांचे सणाचे दिवस यांचा आज परिचय करून घेऊ.

वर्षावासाची उत्पत्ती विनयपिटकात सांगितली आहे. भिक्षू तिन्ही ऋतूंत भ्रमंती करीत. त्यांच्या पायांखाली कोवळे गवत चिरडले जाई, लहान जीव मरत. लोक कुरकुरू लागले, की पाखरेसुद्धा पावसाळ्यात घरटे करून राहतात, मग यांनाच थांबता का येत नाही? भगवान बुद्धांनी ही तक्रार मान्य केली आणि आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. ज्यांना तो दिवस साधत नाही, त्यांना महिनाभराने आरंभ करण्याची मुभा आहे. आई-वडील आजारी पडले किंवा तसेच निकडीचे काम निघाले, तर सात दिवसांपर्यंत बाहेर जाऊन परत येता येते. संघातील ज्येष्ठता जन्मवर्षांनी मोजीत नाहीत; उपसंपदेनंतर किती वर्षावास झाले, यावरून ती ठरते.

भिक्षुणींना हा नियम तर आहेच, पण त्याच्या जोडीला आणखी एक आहे आणि तो मोठा मार्मिक आहे. पावसाळा संपल्यावर भिक्षुणीने जागचे हलले पाहिजे. निदान पाच-सहा योजने तरी प्रवास केलाच पाहिजे. याचे कारण असे घडले, की राजगृहातील काही भिक्षुणी पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा तेथेच काढू लागल्या. तेव्हा लोक म्हणू लागले, की यांना दिशाच बंद झाल्या आहेत. स्त्रीने उंबऱ्याच्या आत राहावे, असे मानणाऱ्या समाजात थांबण्याइतकेच निघण्याचेही बंधन स्त्रियांवर घालणारा हा नियम आहे. मात्र भिक्षुणीने एकटीने प्रवास करू नये, असेही विनय सांगतो. म्हणजे चालावयाचे ते सोबतीने.

वर्षावासातील दिवस बाहेरून पाहणाऱ्याला एकसारखे वाटतील. सकाळी भिक्षा, मध्याह्नापूर्वी भोजन, नंतर अध्ययन, ध्यान आणि आल्या-गेल्यांना धर्मोपदेश. पंधरवड्याने उपोसथाचा दिवस येतो. त्या दिवशी भिक्षुणी एकत्र बसून आपल्या नियमांचे पठण करतात. पाली परंपरेत हे नियम ३११ आहेत, भिक्षूंचे २२७. दर पंधरवड्यास भिक्षुसंघाकडे उपोसथाचा दिवस विचारावयाचा व उपदेशाची विनंती करावयाची, आणि भिक्षू नसतील अशा ठिकाणी वर्षावास करावयाचा नाही, अशीही बंधने त्यांना आहेत. भिक्षूंवर उलट बाजूने असे बंधन नाही. ही विषमता झाकून ठेवण्यात अर्थ नाही. या नियमांचा काळ आणि हेतू यांविषयी विद्वानांत आजही वाद चालू आहे.

पावसाळ्याशी निगडित असे एक दानही भिक्षुणींच्या वाट्याला आले आहे. श्रावस्तीची उपासिका विशाखा हिने बुद्धांजवळ आठ वर मागितले. त्यांत पाहुण्या भिक्षूंना अन्न, आजाऱ्यांना पथ्य व औषध, भिक्षूंना पावसाळी स्नानवस्त्र यांबरोबर भिक्षुणीसंघाला न्हाण्याचे वस्त्र देण्याचा वरही होता. अचिरवती नदीच्या घाटावर भिक्षुणींना उघड्याने स्नान करावे लागे आणि तेथे येणाऱ्या गणिका त्यांची थट्टा करीत. विशाखेने ते ऐकले आणि उपाय काढला. एका बाईची अडचण दुसऱ्या बाईला समजली, आणि तिचा कायमचा बंदोबस्त झाला.

आश्विनी पौर्णिमेला वर्षावास संपतो. त्या दिवशीच्या विधीला प्रवारणा म्हणतात. तीन महिने एकत्र राहिलेली माणसे निरोप घेताना सहसा गोड बोलतात. येथे उलट रीत आहे. माझ्या वागण्यात तुम्ही काही वावगे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका तुम्हांला आली असेल, तर दया करून सांगा, अशी विनंती प्रत्येकीने संघाला करावयाची. ज्येष्ठ स्थविरेलाही यातून सूट नाही. भिक्षुणींनी ही प्रवारणा एक दिवस आपसांत करावयाची, व दुसऱ्या दिवशी त्यांच्या वतीने एका समर्थ भिक्षुणीने भिक्षुसंघापुढे करावयाची. मनातील अढी पुढच्या प्रवासात बरोबर न्यावयाची नाही, हा त्यातील भाव होय.

त्यानंतर कार्तिकी पौर्णिमेपर्यंतच्या महिन्यात कठिन चीवरदानाचा समारंभ होतो. उपासक कापड देतात. ते त्याच दिवशी कापून, शिवून, रंगवून पुरे करावयाचे असल्याने सारा संघ कामाला लागतो. चीवराचे तुकडे कसे जोडावे, याचा नमुना शेतातून आला आहे. मगधातील भातखाचरे, त्यांचे सरळ बांध आणि एकमेकांना छेदणारे धुरे पाहून बुद्धांनी आनंदाला तशी रचना करण्यास सांगितले. शेतकऱ्याच्या पिकाला जपण्यासाठी थांबलेला संघ शेताचाच नकाशा अंगावर घेऊन पुन्हा वाटेला लागतो.

वैशाखी पौर्णिमा सर्वांचीच. पण भिक्षुणींचे खास असे दिवसही आहेत. इसवी सन ४०० च्या सुमारास भारतात आलेला चिनी यात्रेकरू फाहियान लिहितो, की भिक्षुणी वर्षातून एका ठरलेल्या दिवशी आनंदाच्या स्तूपाची पूजा करतात. कारण महाप्रजापती गौतमीच्या बाजूने बुद्धांजवळ रदबदली करून स्त्रियांना प्रव्रज्या मिळवून दिली ती आनंदाने. श्रीलंकेत भाद्रपद पौर्णिमेच्या सुमारास भिक्षुणीसंघाच्या स्थापनेचे स्मरण करतात, आणि डिसेंबरातील पौर्णिमेला बोधिवृक्षाची फांदी घेऊन आलेल्या अशोककन्या संघमित्रेचे.

श्रोतेहो, हा वर्षक्रम एकटीने पाळता येत नाही. नियमांच्या पूर्ण पठणाला चौघी लागतात, संघाच्या प्रवारणेला व कठिनाला पाच जणी. दीक्षेसाठी तर मध्यदेशात दहांचा गण हवा. अवंतीच्या सोण कुटिकण्णाला दहा भिक्षू जमेपर्यंत तीन वर्षे थांबावे लागले. त्याच्या गुरूने, महाकात्यायनाने, त्याच्याबरोबर बुद्धांकडे निरोप धाडला, की अवंती-दक्षिणापथात भिक्षू थोडे आहेत आणि जमीन काळी, खरबरीत, गुरांच्या खुरांनी तुडविलेली आहे. तेव्हा सीमाप्रदेशासाठी पाचांच्या गणाची व जाड तळाच्या वहाणांची सवलत मिळाली. मोहगावकरांना त्या जमिनीचे वर्णन ओळखीचे वाटेल.

आपल्या महाराष्ट्रात एके काळी ही संख्या होती. रायगड जिल्ह्यातील कुडा येथील लेण्यात पदुमनिका नावाच्या प्रव्रजितेने लेणे व पाण्याचे टाके दान केल्याचा लेख आहे. तिची आई नागनिकाही प्रव्रजिता होती. दानात सहभागी झालेल्या दोन शिष्यांपैकी एकीचे नाव आसाळ्हमिता, म्हणजे आषाढाशीच नाते सांगणारे. पुढे भारतातील भिक्षुणीसंघ लोपला. श्रीलंकेतही तो अकराव्या शतकाच्या सुमारास खंडित झाला. सुदैवाने त्यापूर्वी, इसवी सन ४३४ च्या सुमारास, सिंहली भिक्षुणींच्या साहाय्याने चीनमध्ये विधिपूर्वक उपसंपदा झाली होती. पूर्व आशियात टिकलेल्या त्या धाग्याच्या आधारे १९९६ मध्ये सारनाथला आणि १९९८ मध्ये बोधगयेला थेरवादी परंपरेतील स्त्रियांना पुन्हा उपसंपदा देण्यात आली. सर्वच थेरवादी संघांनी तिला अद्याप मान्यता दिलेली नाही, हेही सांगितले पाहिजे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा वर्षावासाची समाप्ती अवघ्या काही दिवसांवर आली होती. आज महाराष्ट्रातील आणि सीमेपलीकडील विहारांतून आषाढ ते आश्विन या काळात त्यांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. या वाचनाला बसणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते. त्यांच्यापैकी एखादीला चीवर घ्यावेसे वाटले, तर तिचा वर्षावास कशावर उभा राहील? पक्के छप्पर, आडोशाची न्हाणी, औषधपाणी, तीन महिन्यांचे अन्न, शिकविणारी ज्येष्ठ भिक्षुणी आणि सोबतीला आणखी चौघी, एवढे तरी हवे. नाशिकच्या लेण्यात विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने संघातील आजाऱ्यांच्या औषधासाठी कायम ठेव ठेवल्याचा लेख आहे. पुण्य कशात आहे आणि खर्च कशाला येतो, हे तिला नेमके कळले होते.

प्रव्रज्या ही व्यक्तीच्या मनाची गोष्ट असेल. वर्षावास ही गावाची गोष्ट आहे. गावाने सोय केली, तर पौर्णिमा ओळीने येतात आणि त्यांचे सण होतात. गावाने हात आखडला, तर पाऊस पडतो, पण वर्षावास घडत नाही.