पर्यावरणपूरक काँक्रीट

पर्यावरणपूरक काँक्रीट म्हणजे सिमेंट, नदीची वाळू व नवी खडी यांचा काही भाग औद्योगिक, शेतीतील किंवा बांधकामातील टाकाऊ पदार्थांनी भरून काढून तयार केलेले काँक्रीट होय. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका व लोणावळा परिसरात द्रुतगती मार्ग, गृहप्रकल्प आणि पर्यटकांसाठीची बांधकामे यांमुळे काँक्रीटची मागणी मोठी आहे. त्यासाठी लागणारी खडी सह्याद्रीचा काळा पाषाण फोडूनच मिळते. त्यामुळे हा विषय येथे विशेष महत्त्वाचा ठरतो.

गरज

काँक्रीटच्या घटकांपैकी पर्यावरणावर सर्वाधिक भार सिमेंटचा पडतो. सिमेंट बनवताना चुनखडी मातीसह सुमारे १,४५० अंश सेल्सिअस तापमानाला भाजतात. १०० किलो शुद्ध चुनखडीपासून ५६ किलो चुना मिळतो. उरलेले ४४ किलो कार्बन डायऑक्साइड वायूच्या रूपाने हवेत जाते. भट्टीतील इंधनाचा धूर याहून वेगळा. म्हणून केवळ इंधन बदलून हे उत्सर्जन थांबत नाही. सिमेंटचे प्रमाणच कमी करावे लागते.

पूर्वपरंपरा

टाकाऊ पदार्थ बांधकामात मिसळण्याची कल्पना नवी नाही. सिमेंट प्रचारात येण्यापूर्वी चुना हाच मुख्य बंधक होता. मावळातील लोहगडावर चुना मळण्याची घाणी आजही पाहावयास मिळते. पाण्याशी संबंध येणाऱ्या बांधकामात चुन्यामध्ये सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, मिसळण्याची पद्धत भारतात दीर्घकाळ रूढ होती. त्यामुळे चुना पाण्यातही घट्ट होत असे.

कार्यतत्त्व

सुरखीमागील रसायनशास्त्रच आजच्या मिश्रणांनाही लागू पडते. सिमेंट व पाणी यांच्या अभिक्रियेत विरलेला चुना शिल्लक राहतो. राखेतील सिलिका या चुन्याशी संयोग पावून नवा बंधक तयार करते व काँक्रीटमधील सूक्ष्म छिद्रे भरते. पाणी कमी झिरपत असल्याने लोणावळ्यासारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात हा गुण उपयुक्त आहे.

वापरले जाणारे पदार्थ

उडती राख : औष्णिक वीज केंद्रांतील कोळशाची राख. भारतीय मानकानुसार पोझोलाना सिमेंटमध्ये तिचे प्रमाण १५ ते ३५ टक्के असते. घाटघर येथील धरणाच्या रोलरने दाबलेल्या काँक्रीटमध्ये ती मोठ्या प्रमाणात वापरली गेली.

धातुमळी : पोलाद कारखान्यातील झोतभट्टीची मळी दळून सिमेंटमध्ये मिसळतात.

भाताच्या तुसाची राख : मावळ हा भाताचा प्रदेश असून ‘इंद्रायणी’ हे वाण वडगाव मावळ येथील संशोधन केंद्रात विकसित झाले. गिरणीत उरणारे तूस नियंत्रित तापमानाला जाळल्यास सिलिकायुक्त राख मिळते. तापमान फार वाढल्यास सिलिका स्फटिकरूप होते आणि राखेची उपयुक्तता घटते. म्हणून उघड्यावर जाळलेले तूस चालत नाही.

क्रशरची कच : खडी फोडताना उरणारा बारीक चुरा धुऊन व चाळून वाळूऐवजी वापरतात. इंद्रायणी, पवना यांसारख्या नद्यांतील वाळूउपसा त्यामुळे टळू शकतो. मात्र कच ही राखेप्रमाणे बंधक नसून केवळ वाळूची जागा घेते.

राडारोडा : पाडलेल्या बांधकामाचे तुकडे फोडून खडी मिळते. २०१६ च्या सुधारित भारतीय मानकाने साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत आणि एम-२५ पर्यंतच्या प्रबलित काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत अशी खडी वापरण्यास मान्यता दिली आहे. मावळालगतच्या पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने मोशी येथे राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प उभारला आहे.

उदाहरण

एक घनमीटर काँक्रीटला ३२० किलो सिमेंट लागत असल्यास आणि त्यातील ३० टक्के राखेने बदलल्यास ९६ किलो सिमेंट वाचते. त्यामुळे सुमारे ८० किलो कार्बन डायऑक्साइड टळतो.

मर्यादा

राखमिश्रित काँक्रीटला प्रारंभीची ताकद सावकाश येते. त्यामुळे सेंट्रिंग उशिरा काढावे लागते व पाणी मारण्याचा काळही वाढवावा लागतो. भारतीय मानक अशा काँक्रीटसाठी किमान १० दिवसांची शिफारस करते. घाईने काम उरकल्यास सळई गंजण्याचा धोका संभवतो. राडारोड्याची खडी अधिक पाणी शोषते. तसेच राख दुरून आणावी लागल्यास वाहतुकीच्या इंधनाने लाभ काही प्रमाणात घटतो. त्यामुळे पदार्थ जवळ उपलब्ध असणे, त्याची तपासणी होणे आणि मिश्रणाची रचना अभियंत्याकडून करून घेणे या तीन गोष्टींवर या काँक्रीटचे यश अवलंबून असते.