एआयमुळे आपण जास्त क्रिएटिव्ह होतो का? हे मोजतात कसं?

रीलची कॅप्शन असो की कॉलेजची एकांकिका, काही सुचेना की आपण थेट चॅटजीपीटी उघडतो. पण त्याने लिखाण खरंच सुधारतं का? कल्पकता काही फूटपट्टीने मोजता येत नाही. मग संशोधक काय करतात?

अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउजर यांचा एक प्रयोग २०२४ मध्ये 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस'मध्ये छापून आला. त्यांनी सुमारे ३०० जणांना आठ वाक्यांची गोष्ट लिहायला सांगितली. त्याआधी प्रत्येकाकडून एकमेकांशी संबंध नसलेले १० शब्द लिहून घेतले. त्यावरून मूळची कल्पकता जोखली. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले: एकाला एआयची मदत नाही, दुसऱ्याला जीपीटी-४ची एक कल्पना, तिसऱ्याला पाचपर्यंत. असं का? चांगलं लिहिणारे सगळे एकाच गटात गेले, तर फरक एआयमुळे पडला की त्यांच्यामुळे, हे कळणारच नाही. गुण दिले ६०० वेगळ्याच लोकांनी.

एआयच्या कल्पना मिळालेल्यांना जास्त गुण पडले. सर्वात जास्त फायदा मुळात कमी कल्पक असलेल्यांना झाला.

इथेच थांबले असते तर निम्मीच गोष्ट कळली असती. गोष्टी एकमेकींशी किती जुळतात हेही त्यांनी कॉम्प्युटरने मोजलं. एआयच्या मदतीने लिहिलेल्या गोष्टी एकमेकींसारख्या जास्त निघाल्या!

म्हणून 'एआयमुळे क्रिएटिव्हिटी वाढते' असं कुणी म्हणालं, तर एवढंच विचारा: एकेकाची, की सगळ्यांची मिळून?