किटलीची खबर

यंत्रांनी माणसे दुरावली, असे म्हणण्याची प्रथाच पडली आहे. जपानचा अनुभव मात्र इतका सरळ नाही. तेथील कुटुंबाची फाटाफूट मोबाइलच्या पुष्कळ आधीची. बदली झालेल्या पित्याने परगावी एकट्यानेच बिऱ्हाड करावे, या रीतीला तेथे ‘तान्शिन फुनिन’ असे खास नावच आहे. तरुण शहरांकडे गेले, वृद्ध गावी राहिले.

या पोकळीत यंत्रे शिरली. २००१ साली झोजिरुशी कंपनीने पाणी तापविण्याची एक विजेची किटली आणली. वृद्ध आईने चहासाठी तिचा वापर केल्याची वार्ता दूरच्या मुलाला ई-मेलने कळू लागली. पुढे मार्च २०११ मधील भूकंप व त्सुनामीनंतर, त्याच वर्षीच्या जूनमध्ये, ‘लाइन’ ही संदेशसेवा सुरू झाली. संदेश वाचला गेल्याची तिच्यातील खूण आपत्तीत मोठा दिलासा ठरते. उत्तर आले नाही, तरी आप्त जिवंत असल्याचे कळते. एरवी मात्र तीच खूण रुसव्याचे कारण होते. वाचले, मग उत्तर का नाही?

आईने चहा घेतला, एवढेच किटली सांगते. तो एकटीने घेताना तिला काय वाटले, हे ती सांगत नाही. पोलिसांच्या नोंदीनुसार २०२४ साली जपानमध्ये एकटी राहणारी ७६ हजारांवर माणसे स्वतःच्या घरी मृतावस्थेत आढळली. त्यांपैकी ५८ हजारांवर माणसे ६५ वर्षे वा त्याहून अधिक वयाची होती.

याचा दोष यंत्राला देता येणार नाही. मुलाला आईकडे जाण्याची सवडच न उरलेल्या समाजात खबर हीच भेट मानली जाऊ लागते, आणि खरा धोका तेथे आहे.