नळीत शिरलेली हवा

परभणीहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर औंढा नागनाथाच्या अलीकडे जे जवळा बाजार नावाचे गाव लागते, तेथील बाजारपेठेत मोटारसायकलीच्या क्लचची वायर मिळाली नाही असे माझ्या स्मरणात कधी घडले नाही. कारण आमच्या भागात धावणाऱ्या बहुतेक दुचाकींचा क्लच अजूनही पोलादी तारेनेच ओढला जातो, आणि ती तार तुटली तर काय करावे हे शेतावर जाणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. परंतु गेल्या वैशाखात माझा पुतण्या पुण्याहून मोठ्या, जुन्या विकत घेतलेल्या दुचाकीवरून नागनाथाच्या दर्शनासाठी निघाला असता आमच्या दारात उतरला आणि म्हणाला, "काका, क्लच दाबला तरी हाताला काहीच लागत नाही, पहिला गिअर टाकताना गाडी पुढे ओढते." तेव्हा शेजारच्या मिस्त्रींनी प्रथम पाहिली ती वायरच, आणि वायर नाही हे दिसताच ते क्षणभर थबकले. त्या गाडीचा क्लच द्रवाच्या दाबावर चालणारा होता.

ही रचना परकी मात्र मुळीच नाही. आपल्या साध्या दुचाकीच्या पुढच्या चाकाला जो डिस्क ब्रेक असतो, त्याचेच हे भावंड. पास्कल या फ्रेंच विद्वानाने सतराव्या शतकात सांगितलेला नियम असा की, बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब त्याच्या सर्व भागांत सारखाच पोहोचतो. म्हणून हँडलजवळच्या लहान दट्ट्यावर दोन बोटांनी दिलेला जोर इंजिनाजवळच्या मोठ्या दट्ट्याशी पोहोचेपर्यंत वाढलेला असतो आणि क्लचच्या घट्ट मिटलेल्या प्लेटा सुट्या होतात. १९६९ साली होंडाच्या सीबी ७५० या गाडीने असा डिस्क ब्रेक दुचाकींच्या मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात आणला, आणि आज तो खेड्यापाड्यांतील रस्त्यांवर पोहोचला आहे.

या सर्व व्यवस्थेचा आधार एकच, तो हा की द्रव दाबला जात नाही. हवा मात्र दाबली जाते. विहिरीवरच्या मोटारीने हवा धरली म्हणजे पंखा फिरत राहतो, वीज जळत राहते आणि पाइपातून थेंबही येत नाही, हा अनुभव ज्याने घेतला आहे, त्याला क्लचच्या नळीतील बुडबुड्याचे कर्तृत्व वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. बोटांचा सारा जोर त्या बुडबुड्याला चेपण्यात खर्च होतो आणि पलीकडचा दट्ट्या जागचा हलत नाही.

आता त्या द्रवाविषयी. दुकानात आपण त्याला ब्रेक ऑइल म्हणतो, परंतु ते तेल नव्हे. नेहमीच्या डॉट ३ आणि डॉट ४ या जातींचा द्रव ग्लायकोल वर्गातील रसायनांचा असतो, आणि पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या गुळाला जसे पाणी सुटते, तसाच त्याचा स्वभाव हवेतील ओल शोषून घेण्याचा आहे. हे कार्य इतके मूकपणे चालते की गाडी वापरली काय किंवा पडवीत उभी राहिली काय, रबरी नळ्या आणि झाकणाच्या फटी यांतून ओल येतच राहते. कोऱ्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू निदान २३० अंश सेल्सिअस असावा असा दंडक आहे. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मिसळले की तोच १५५ अंशांपर्यंत उतरलेला चालतो. घाटातील सततच्या ब्रेकने तापलेल्या कॅलिपरात हा फरक जीवनमरणाचा ठरतो. क्लचमध्ये तितकी उष्णता नसली तरी ते पाणी सिलिंडरच्या धातूला आतून गंज चढवते आणि रबरी सीलांचे आयुष्य हरण करते. म्हणूनच पुष्कळ माहितीपुस्तिकांनी द्रव बदलण्यासाठी दोन वर्षांची मुदत घालून दिलेली असते. पुतण्याच्या गाडीची अशी कोणतीच नोंद त्याच्यापाशी नव्हती. हँडलजवळच्या द्रवाच्या टाकीचे झाकण उघडले तेव्हा आतला द्रव कोऱ्या चहाच्या रंगाचा दिसला. नवा असता तर फिकट पिवळा, जवळजवळ पारदर्शक दिसला असता.

झाकणावर डॉट ४ असे कोरलेले होते, आणि डिस्क ब्रेकच्या कृपेने तीच बाटली आमच्या बाजारात सहज मिळाली. येथे एक इशारा मी आग्रहाने देतो. काही गाड्यांच्या क्लचला खनिज तेल लागते. तेथे ब्रेकचा द्रव, किंवा ब्रेकच्या द्रवाच्या जागी खनिज तेल घातले, तर रबरी सील फुगून सगळी यंत्रणा निकामी होते. म्हणून झाकणावरचे अक्षर वाचल्याशिवाय बाटलीचे बूच काढू नये, आणि महिनोन्महिने उघडी पडलेली बाटली तर घरी असली तरी वापरू नये.

हवा काढून द्रव बदलण्याचे काम आम्ही दोघांनी अंगणात केले. गवंडी लेव्हल काढण्यासाठी वापरतात त्याच जातीची, परंतु हवा काढण्याच्या निपलवर घट्ट बसेल इतकी बारीक पारदर्शक नळी, ८ नंबरचा रिंग पाना, एक सिरिंज, रिकामी बाटली आणि जुनी धोतरे, एवढाच सरंजाम. धोतरे रंग वाचवण्यासाठी, कारण हा द्रव पेट्रोलच्या टाकीवर सांडला तर रंग उखडून काढतो, परंतु पाण्यात विरघळतो, म्हणून पाण्याची बादली हाताशी ठेवली. हँडल वळवून द्रवाची टाकी समपातळीत आणली, जुना द्रव सिरिंजने ओढून घेतला, आतला गाळ स्वच्छ कापडाने पुसला आणि नवा द्रव भरला. मग इंजिनाजवळच्या निपलवर आधी पाना चढवून नंतर नळी बसवली, तिचे दुसरे टोक बाटलीतील द्रवात बुडते ठेवले.

यापुढचे सारे यश क्रमावर अवलंबून असते. पुतण्या लिव्हर सावकाश दोनचार वेळा दाबून धरून ठेवी व "धरला" म्हणे. मी निपल पाव फेरा सैल करी. लिव्हर हँडलला टेके, नळीतून काळपट द्रव आणि त्यामागून बुडबुड्यांची माळ येई. मी निपल आवळी, "सोड" म्हणे, आणि त्यानंतरच तो लिव्हर सोडी. निपल उघडे असताना लिव्हर सुटला तर गाडी तीच हवा पुन्हा आत ओढून घेते, आणि तासाभराचे श्रम वाया जातात. टाकीतील द्रव खालच्या रेषेपर्यंत उतरण्याआधी वरून भर घालीत राहावे लागते. तेवढे एक अवधान सुटले तर हवा वरून शिरते. निपल पोकळ असते, म्हणून ते आवळताना शक्तीचे प्रदर्शन करू नये. ते तुटले तर दुरुस्ती घरच्या आवाक्यात राहत नाही.

शेवटी स्वच्छ द्रव आला, बुडबुडे थांबले, तरी लिव्हर किंचित मऊच लागे. नळी जेथे वर वळसा घेते तेथे एखादा हट्टी बुडबुडा अडकतो. त्यासाठी पेचकसाच्या मुठीने नळीवर हलके ठोके दिले, आणि लिव्हर दाबून दोरीने हँडलला रात्रभर बांधून ठेवला, कारण हवेचा धर्म वर चढण्याचा आहे. टाकी मात्र काठोकाठ भरली नाही. ब्रेकच्या पट्ट्या झिजत जातात तशी त्यांच्या टाकीतील पातळी उतरते, पण अशा क्लचच्या प्लेटा झिजत गेल्या की पातळी वर चढते, ही विलक्षण गोष्ट ध्यानात ठेवावी.

असेच काम पुढच्या ब्रेकवर करावे काय, असे मला त्या रात्री पुतण्याने विचारले. मी नको म्हणालो. क्लच बिघडला तर माणूस वाटेत थांबतो. ब्रेक बिघडला तर त्याला थांबता येत नाही. एबीएसची गाडी असेल तर हवा काढण्याचे काम अधिक गुंतागुंतीचे असते. ते जाणत्या मिस्त्रींच्या देखरेखीखालीच शिकावे.

सकाळी दोरी सोडून लिव्हर दाबला तेव्हा तो अर्ध्या वाटेतच बोटांना घट्ट भिडला. मिस्त्रींनी स्वतः गाडी सेंटर स्टँडवर चढवून, इंजिन सुरू करून पहिला गिअर टाकून पाहिला, सर्व जोड कोरडे असल्याची खात्री केली, आणि जुन्या द्रवाची बाटली नालीत ओतू न देता टाकाऊ द्रवांसाठी वेगळ्या ठेवलेल्या डब्याशेजारी नेऊन ठेवली. पुतण्याने कागदाच्या चिकटपट्टीवर तारीख लिहून ती सीटच्या खाली लावली, आणि उन्हे चढण्यापूर्वी औंढ्याच्या दिशेने गाडी काढली.