समजून घ्या : सीमावादात चीन तडजोड कधी करतो?

चीन सीमेवर एक इंचही मागे हटत नाही, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. अमेरिकेतील ‘एमआयटी’चे प्राध्यापक टेलर फ्रॅव्हेल यांचे संशोधन मात्र वेगळेच सांगते.

संशोधन काय?
फ्रॅव्हेल यांनी १९४९नंतरचे चीनचे २३ प्रादेशिक वाद तपासले. ‘स्ट्राँग बॉर्डर्स, सिक्युअर नेशन’ हे त्यांचे पुस्तक २००८मध्ये आले. त्यांच्या मते, १७ वादांत चीनने कधी ना कधी तडजोडीची तयारी दाखवली, तर सहा वादांत बळ वापरले. काही वादांत दोन्ही घडले.

तडजोड केव्हा?
घरातच अस्वस्थता असते तेव्हा. १९५९मध्ये तिबेटमध्ये उठाव झाला. त्यानंतर चीनने १९६०मध्ये ब्रह्मदेशाशी (म्यानमार), तर १९६१मध्ये नेपाळशी सीमा करार केले. सीमाभाग शांत ठेवायला शेजाऱ्यांची साथ हवी होती.

मग बळ केव्हा?
वादग्रस्त भागावरील पकड सुटत चालली, असे वाटले की. भारताबाबत दोन्ही दिसले. एप्रिल १९६०मध्ये चौ एन लाय दिल्लीत तडजोडीचा प्रस्ताव घेऊन आले. बोलणी फसली आणि १९६२मध्ये युद्ध झाले.

भारतासाठी अर्थ काय?
भूसीमा असलेल्या शेजाऱ्यांपैकी आता भारत आणि भूतानशीच चीनचा सीमावाद उरला आहे. ऑक्टोबर २०२४मधील सहमती गस्तीपुरती होती, सीमारेषा ठरलेली नाही. फ्रॅव्हेल यांचा तर्क लावला, तर तिबेटवर घट्ट पकड असलेल्या चीनला आज तडजोडीची निकड नाही. त्यामुळे चर्चेच्या फेऱ्यांइतकेच चीनच्या अंतर्गत स्थितीकडेही लक्ष हवे.